मामाची मांडी

पलूस, १२ सप्टेंबर

प्रिय वीरू,

पोस्टातल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "पत्रच टाकायचंय न्हवं? का आधारचं काय काम हाय?" पाकीट मागणारं गिऱ्हाईक त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटलं असणार. मी म्हटलं, भावाला लिहायचंय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही. शहाणी बाई.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. दाजींचा केलास ते समजू शकते, माझा कशाला? आईच्या फोनवर माझं नाव दिसलं की तू चपला घालून बाहेर पडतोस, हेही मला कळतं. पळ किती पळायचं ते. पोस्टमन दारात येणारच आहे.

बारशाच्या दिवशी तुझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत आहे, माझ्या बाजूचं ऐक. मी आतल्या खोलीत अधिराजला पाजत होते. बाहेर पंगत बसली होती आणि मामंजींचा आवाज आला, "पाव्हणं, छपरावर पक्षाचा येवढा मोठा झेंडा लावलायसा, त्येच्या निम्म्या कापडात पोराची चार आंगडी झाली असती." माणसं हसली. माझ्या सासऱ्यांना आपण फार विनोदी आहोत असं वाटतं. घरात कुणी हसत नाही, म्हणून ते पाहुण्यांवर सूड उगवतात. पण तेवढ्यावर भागलं नाही. तुझे दाजी म्हणाले, "आमच्याकडं असल्यांच्या सभंला कुत्रं बी फिरकत न्हाई. ही खंडाळ्याकडची माणसं लगीच भडकत्यात." तू हातातली भाताची परात खाली ठेवलीस आणि म्हणालास, "माझ्या दारात माझ्या झेंड्याला नावं ठिवायची न्हाईत. ज्यांना ठिवायची असतील त्यांनी उठावं."

ते उठले. पलूसहून दोन गाड्या भरून आलेली माणसं वाढलेल्या ताटावरून उठली. मला तशीच बाळासकट गाडीत बसवलं. आई ओटीचे तांदूळ सुपात घेऊन आली तोवर गाडी हलली होती. मी मागच्या काचेतून बघत होते, ती सूप घेऊन तशीच उभी होती.

मी तुझ्या बाजूनं बोलले नाही, हा तुझा राग. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीनं दोन गावांच्या मध्ये उभं राहून काय बोलायचं असतं ते लिहून पाठव, पाठ करून ठेवते.

आता कामाचं. अधिराजचं जावळ काढायचंय, पालीच्या खंडोबाला, अकराव्या महिन्यात. म्हणजे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चात. पहिली कात्री मामाच्या मांडीवर लागते हे तुला सांगायला नको. मामा जिवंत असताना पोराला दुसऱ्याच्या मांडीवर बसवलं, तर लोक एकच अर्थ काढतात, की हिचं माहेर तुटलं. मला भाऊ तू एकच. बाकी वर्षभर रुसून बस, त्या एका दिवशी ये.

तुझी आक्का


पलूस, २६ ऑक्टोबर

वीरू,

भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं होतं. दिवे लागले तरी तू आला नाहीस. सासूबाई म्हणाल्या, "चंद्राला ओवाळ गं. ज्यांना भाऊ न्हाई त्या चंद्रालाच ओवाळत्यात." मी म्हटलं, "मला हाय की भाऊ," आणि ताट झाकून ठेवलं. त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. पण मला इतकं लागलं की मी जेवले नाही.

तुझ्या भाच्याचे केस आता डोळ्यांवर येतात. जावळाआधी कात्री लावता येत नाही, म्हणून मी डोक्यावर रबर बांधून कारंजं करते. परवा बाजारात भाजीवाली म्हणाली, "पोरगी गोड हाय गं तुजी." मामंजींनी भर बाजारात त्याचं आंगडं वर करून पुरावा दाखवला. तू असतास तर हसून लोळला असतास.

तू आईजवळ म्हणालास म्हणे, आक्का ऊसवाल्यांची झाली. त्यावर मी बरेच दिवस विचार करतेय. या घरात आले तेव्हा मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल, तर माणसांच्या निवांतपणाचं. रानात कृष्णेचं पाणी. घरातला एक कारखान्यात, एक दूध संघात, एक सोसायटीत. ऊस गेला की बिल येणार. उशिरा येईल, पण येणार. सभेत कुणी ओरडलं, की तुमच्या ताटातलं बाहेरचे पळवतायत, तर ही माणसं आधी आपल्या ताटात बघतात. ताट भरलेलं असतं. मग हसत घरी येतात आणि आपण किती शहाणे असं एकमेकांना सांगतात. मागच्या निवडणुकीत तुझ्या पक्षाला इथं बूथवर बसायला माणूस मिळाला नाही, आणि आपल्याकडं घरटी एक कार्यकर्ता.

आपलं रान एमआयडीसीत गेलं, आलेल्या पैशात आईनं भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि तू आपल्याच बांधावर उभ्या राहिलेल्या गेटातून पास दाखवून आत जातोस. अकरा महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा ठेकेदाराच्या मिनतवाऱ्या. तिथं कुणी येऊन "तुमचं हिरावलंय" म्हटलं, तर ते खोटं तरी कसं म्हणू? तुझ्या पक्षाच्या साहेबाची दुसरी ओळ, की ते बाहेरच्यांनी हिरावलंय, मला पटत नाही, पण पहिली ओळ ऐकून माझंही काळीज हलतं. हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "गरीब काय आमच्यात न्हाईत व्हय? ते कुठं भडकत्यात?" गरीब असणं वेगळं आणि पुढच्या महिन्यात काम आहे का नाही ते माहीत नसणं वेगळं, हे मला दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना सुचलं. तोवर ते कामावर गेले होते.

हे पत्र पोचलं का एवढं तरी कळव. नुसता कोरा कागद पाकिटात घालून टाकलास तरी चालेल.

आक्का


पलूस, ७ डिसेंबर

वीरू,

आज रागानं लिहितेय, तेव्हा अक्षराकडं बघू नकोस.

खोल्या रिकाम्या केल्यास. ओडिशाची ती तीन पोरं वळकट्या घेऊन गेली, असं आई सांगत होती. त्यातला बिपिन जाताना तिच्या पाया पडला म्हणे. वीरू, मी बाळंतपणाला आले होते तेव्हा नळाला पाणी नसलं की हाच बिपिन टँकरवरून घागरी भरून मोरीत आणून ठेवायचा. अधिराज रडायला लागला की दाराबाहेर उभा राहून त्याच्या भाषेत काहीतरी गुणगुणायचा, आणि हे कार्टं गप्प व्हायचं. तुझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारं पोरगं ते. तुझ्या पक्षाच्या लोकांनी फर्मान काढलं, बाहेरच्यांना जागा देऊ नका, आणि गावात पहिला नंबर तू लावलास. कशासाठी? कुणाला दाखवायला? त्या भाड्यावर तुमच्या दोघांची चूल पेटते, हे तुझ्या साहेबाला माहीत आहे का?

आई तुझ्याबद्दल सरळ बोलेना. कामावर जातो का, म्हटलं तर "सध्या घरीच हाय." ब्रेक मिळाला का, म्हटलं तर अधिराजची चौकशी करायला लागली. मग मधेच म्हणाली, "हल्ली चमच्यानं जेवतोय." मी हसले. म्हटलं, झेंडा धरून धरून साहेब झाला काय आमचा वीरू? आई हसली नाही. "तुला काय म्हायती न्हाई," म्हणाली आणि फोन ठेवला.

काय माहीत नाही मला? कोण सांगणार?

माझा राग खरा आहे. जावळाचं बोलावणंही तितकंच खरं आहे. एकावरून दुसरं रद्द होत नाही.

आक्का


पलूस, १८ जानेवारी

वीरू,

इकडं सगळं ठीक. अधिराजला खाली दोन दात आलेत आणि तो मिळेल ते चावतो. मामंजींच्या काठीच्या मुठीला सुद्धा दात लावलेत.

एवढं लिहून मी पेन ठेवलं आणि चहा करून आले. तुला खोटंच लिहायचं तर तिकीट कशाला चिकटवायचं? ठीक नाही, वीरू. कारखाना खाजगी कंपनीला चालवायला दिला. दाजींच्या शेतकी खात्यातल्या माणसांना सांगितलंय, राजीनामे द्या आणि ठेकेदाराकडं नव्यानं लागा. अकरा महिन्यांवर. आठवतं का, माझं लग्न ठरताना आई सगळ्या भावकीत सांगत सुटली होती, "कायम हाय, पोरगा कायम हाय"? तो कायम पोरगा आता सकाळी उठून अंगणात नुसता उभा राहतो. कुणी हाक मारली तर दचकतो.

हे तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. म्हणून तर कळवतेय.

आणखी एक. ते कानात वायर घालून मोबाईलवर भाषणं ऐकतात. मी विचारलं तर क्रिकेट म्हणतात. क्रिकेटमध्ये इतक्या टाळ्या नसतात. दोन दिवसांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई माझ्याकडं ताक मागायला आली. बीडकडची टोळी, दरवर्षी येते, बाई ओळखीची. ती गेल्यावर हे म्हणाले, "भायेरच्यांना दारात कशाला घ्यायचं? ह्यांनीच आपलं वाटोळं केलंय." आवाज त्यांचा होता आणि बोलणं तुझं होतं. ज्या बाईनं उन्हातान्हात ह्यांचा ऊस तोडला, तिनं ह्यांचं काय वाटोळं केलं? पण मी भांडले नाही. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आमच्या गल्लीतही परवा तुझा झेंडा लागला. मामंजी त्याच्याखालून जातात, वर बघत नाहीत. आंगड्याचा विनोद त्यांनी पुन्हा केलेला नाही.

आक्का


पलूस, १५ फेब्रुवारी

वीरू,

दिवस ठरला. रविवार, एक मार्च, पालीला, सकाळी.

आणि सासूबाईंनी मामाही ठरवला. इस्लामपूरच्या काकांचा जयदीप. "चुलत मामा बी मामाच की," म्हणाल्या. जयदीप आनंदानं तयार झाला, त्याचा काही दोष नाही, गुणी पोरगा आहे. पण त्यांनी त्याला फोन लावला तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि मग बाहेर येऊन सांगितलं, "माझा भाऊ येईस्तवर कुणी माझ्या पोराच्या डोक्याला हात लावायचा न्हाई." या घरात मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मामंजींनी पेपर खाली ठेवला. "दुपारपर्यंत वाट बघू," म्हणाले. "त्येच्या म्होरं न्हाई."

तेव्हा दुपारपर्यंत. मी तुला दाजींसाठी बोलवत नाही, रीतीसाठीही बोलवत नाही. मला तू हवा आहेस. तू लहानपणी माझ्या ओढणीचं टोक धरून शाळेत यायचास, आणि आता आईकडून तुझी खबर मला चोरून घ्यावी लागते. हे मला सहन होत नाही. त्या दिवशी तू आला नाहीस, तर मी पुन्हा लिहिणार नाही. धमकी नाही ही. मला झेपणारच नाही.

खाली दाजींनी चार ओळी लिहिल्यात. मी सांगितल्या नाहीत. पाकीट चिकटवताना स्वतःच पेन मागितलं.

आक्का

वीरू, बारशाला मी बोललो ते बोलायला नको होतं. बाबांच्या बोलण्यावर चार माणसं हसली, म्हणून मलाही चेव आला. तुझं काम कसलं होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळायला लागलंय. आता माझ्यावर हसायची पाळी तुझी. ये आणि हसून घे. विश्वजीत.


पलूस, ५ मार्च

माझ्या वीरू,

ब्लॉक काढलास ते कळलं. तरी फोन न करता लिहितेय. फोनवर मी रडेन आणि तू "बरं, ठेवतो" म्हणशील.

तू येशील असं मला शेवटी शेवटी वाटत नव्हतं. जयदीप नवा सदरा घालून बसला होता. न्हाव्यानं कात्री पुसून ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, "किती वाट बघायची आता, ऊन चढलं." तेवढ्यात पायऱ्यांवर आई दिसली, आणि तिच्यामागं तू. मार्चच्या उन्हात जाकीट घातलेलं आणि उजवा हात खिशात. मला आधी फार आनंद झाला, आणि मग लगेच चीड आली. देवाला डोकं टेकवताना सुद्धा हा हात बाहेर काढत नाही! मामंजींच्या कपाळावर आठी पडलेली मी बघितली.

तू मांडी घालून बसलास. मी अधिराजला तुझ्या मांडीवर दिलं. त्याला तू परका, त्यानं भोकाड पसरलं आणि मान झाडायला लागला. न्हावी म्हणाला, "मामा, डोस्कं धरा घट्ट, न्हाईतर कात्री लागंल." तू डाव्या हातानं धरलंस. "आवं दोनी हातांनी धरा की!"

मग तू हात काढलास.

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही अर्धीच. जखम अजून गुलाबी होती. न्हाव्याची कात्री तशीच वर राहिली. आणि माझ्या लेकानं रडता रडता तुझं ते अर्धं बोट पकडलं आणि तोंडात घातलं. दात येतायत ना त्याला. चघळत बसला आणि गप्प झाला. तू हललाही नाहीस. सगळं जावळ तसंच निघालं, शिवांजली वन्संनी पदरात झेललं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बायका म्हणत होत्या, पहिले केस जाताना आईला वाईट वाटतंच.

जेवायला बसलो तेव्हा मामंजी तुझ्या शेजारी येऊन बसले. तुझ्या ताटातली पुरणपोळी त्यांनी कुस्करली, वर दूध ओतलं आणि ताट तुझ्याकडं सरकवलं. एकही विनोद केला नाही.

नंतर नदीकडं जाताना तू जे सांगितलंस, त्यावर मी तिथं नुसतं "हं" म्हटलं. आता बोलते. नोव्हेंबरात तुझा हात प्रेस मशीनखाली गेला. ठेकेदार म्हणाला, आज याचं नाव हजेरीवर नाही. तुझे झेंड्याचे लोक त्याच्या दारात बसले, तेव्हा दवाखान्याचा खर्च निघाला. दुसरं कुणी आलं नाही. आमच्या शहाण्या माणसांपैकी कुणी आलं नाही, आणि मी इथं बसून तुला झेंड्यावरून टोमणे लिहीत होते. तुझं त्यांच्यावर मन का बसलं, हे मला आता कुणी समजावून सांगायला नको. वीरू, ते आले, हे मी कधी विसरणार नाही.

पण मशीन धावत जाऊन बंद कुणी केलं, तेही तूच सांगितलंस. बिपिननं. नाहीतर आख्खा हात गेला असता. आणि मग ज्यांनी दवाखान्याचं बघितलं ते म्हणाले, खोल्या रिकाम्या कर, आणि तुला नाही म्हणता आलं नाही. हे सांगताना तू नदीकडं बघत होतास. तुझ्या मनाला ते किती खातंय ते मला दिसलं.

झाडाखाली तू आणि दाजी बराच वेळ बोलत बसला होतात. सासूबाईंना केवढा आनंद झाला. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्हा दोघांचं एकमत झालेलं होतं, सगळं बाहेरच्यांमुळं झालं म्हणून. मेव्हणा आणि दाजी गळ्यात गळे घालून बसले म्हणून मलाही बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या दोन्ही माणसांना एकाच भीतीनं गाठलंय, तुला आधी आणि यांना नंतर. खंडाळ्याची माणसं भडकू आणि पलूसची शहाणी असलं काही नव्हतंच. आमच्याकडं पाणी होतं आणि नोकरी होती, तोवर आम्हाला शहाणपण परवडत होतं. तुझी बोटं मशीनखाली गेली आणि यांची नोकरी एका सहीनं गेली. त्यात बिपिन कुठं होता? ताक मागायला आलेली ती बाई कुठं होती? मी हे यांनाही विचारलंय. काल त्या बाईला ताक त्यांनीच दिलं.

मत कुणाला द्यायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्या झेंड्याला हसणार नाही, आणि त्याच्याखाली उभीही राहणार नाही. आपल्या दोघांत तेवढं राहू दे. पण बिपिनचा नंबर आईकडं आहे. तो आता शिरवळला आठ जणांत एका खोलीत राहतो. त्याला फोन कर. काय बोलायचं ते सुचलं नाही, तर नुसतं जेवलास का विचार.

अधिराजचा टक्कू इतका गुळगुळीत झालाय की मामंजी येता-जाता त्यावरून हात फिरवतात. आई म्हणत होती, तू घरातही हात पांघरुणाखाली ठेवतोस, आरशासमोर उभा राहत नाहीस, मुली बघायला जायचं म्हटलं की उठून जातोस. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. त्या हातानं माझ्या लेकाचं डोकं धरलं. त्यात लपवण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही.

पाडव्याला ये. ऊन वाढलंय, जाकीट घरी ठेव. आणि एसटीतून उतरलास की लांबूनच मला हात कर, उजवा.

तुझी आक्का